जगदाळ्यांच्या हातातली चिठ्ठी

यशवंत जगदाळे यांना कंपनीच्या कॅन्टीनमधले मासे बंद करायचे नव्हते. हे वाक्य मी फार वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं नाही, म्हणून आता सत्त्याहत्तराव्या वर्षी लिहितो आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं वेगळंच. मानपाड्याच्या एका रंगांच्या कारखान्यात मी तेहेतीस वर्षं स्टोअर्सचा कारकून होतो. तिथल्या गमती लिहा, असं त्यांचं म्हणणं. गमती पुष्कळ आहेत. पण मी जी नोकरी मन लावून केली ती स्टोअर्सच्या खिडकीबाहेरची. पगार नसलेली. आमच्या कामगार युनियनच्या निवडणुकीत मी अध्यक्षाच्या उमेदवाराचा जोडीदार म्हणून उभा राहायचो. आम्ही त्याला नुसतं 'दुसरा' म्हणायचो. "यंदा जगदाळ्यांचा दुसरा कोण?" असं विचारत, आणि उत्तर मी असे.

मध्यंतरी टीव्हीवर परदेशातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची चर्चा चालली होती. सूनबाई मला समजावून सांगत होती, "बाबा, याला रनिंग मेट म्हणतात. मुख्य उमेदवार आपला जोडीदार स्वतः निवडतो. आपल्याला जिथे मतं नाहीत, तिथला माणूस बघून घेतो."

"हे काम मी केलंय," मी म्हणालो.

"कुठे?"

"मानपाड्याला."

ती इतकी हसली की चहा ओट्यावर सांडला. पण मी खोटं बोललो नव्हतो.

आमच्या युनियनच्या घटनेतच होतं, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनी जोडीनं उभं राहायचं. एक निशाणी, एक शिक्का. निवडून आल्यावर दोघांत भांडणं नकोत म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही सोय. कारखान्यात अर्धे लोक घाटावरचे, सातारा-सांगलीकडचे. उरलेले बरेचसे आम्ही कोकणातले, शिवाय आसपासच्या गावांतले आगरी. त्यामुळे जोडीतला एक घाटावरचा आणि एक कोकणातला, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी ठरलेलं. जगदाळे साताऱ्याकडचे, मी घाडी, देवगडचा. ते बॉयलरवर, म्हणजे प्लांटचे. मी स्टोअर्सच्या खिडकीत. आमची खिडकी अशी होती की एका बाजूनं प्लांटवाले हातमोजे मागायला यायचे आणि दुसऱ्या बाजूनं ऑफिसवाले पेन्सिली. दोन्हीकडची गाऱ्हाणी मला बसल्या जागी ऐकू येत. जगदाळ्यांनी मला का निवडलं याचं हे सगळं गणित. ते माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही.

अण्णांचा आवाज असा की बॉयलरच्या धडधडीतही चार खांबांपलीकडे ऐकू जावा. माणूस सरळ, मनात एक आणि ओठांवर दुसरं असं त्यांना जमतच नसे. पण दोन गोष्टी त्यांना अजिबात येत नसत. नावं लक्षात ठेवणं आणि मुद्दे लक्षात ठेवणं. या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या.

नावांसाठी मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभा राहायचो. समोरून माणूस आला की पुटपुटायचं, "सावंत, पॅकिंग, मुलगी बारावीला." की अण्णा गरजायचे, "काय सावंत, मुलगी काय म्हणते बारावीची?" सावंत खूश. एकदा मी पुटपुटलो, "कदम, टँक फार्म, मूळव्याधीचं ऑपरेशन." अण्णांनी दीडशे माणसांसमोर विचारलं, "काय कदम, मूळव्याध काय म्हणते?" कदमचं मत गेलं ते गेलं. त्यानंतर मी फक्त मुलांच्या परीक्षा सांगायचो.

मुद्द्यांसाठी चिठ्ठी. गेटवरच्या सभेआधी मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत सहा-सात ओळी लिहून द्यायचो आणि अण्णा त्या वाचून दाखवायचे. आधी वाचून बघायची सवय त्यांना नव्हती. "तू लिहिलंयस ना? मग झालं," म्हणायचे.

दुसऱ्याचं तिसरं काम जेवायचं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. प्रचार म्हणजे भाषणं असं त्यांना वाटतं. आमच्याकडे प्रचार म्हणजे पंगत. मोहन्याला, कल्याणला, डोंबिवलीत गाववाल्यांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत आठ-दहा जण राहत आणि मतं एकगठ्ठा असत. तिथे जाऊन मांडी घालून जेवल्याशिवाय कुणी शब्द देत नसे. अण्णांना पोटाचा त्रास, त्यामुळे जेवायची जबाबदारी माझी. एका रविवारी मी पाच ठिकाणी जेवलोय. पाचव्या ठिकाणी नुसता भात कालवत बसलो, तर यजमान म्हणाले, "घाडी, आमच्यात काय कमी झालं?" पुन्हा वाढून घ्यावं लागलं.

या कामात माणसं कळतात. सगळ्यांना 'हो' म्हणणारा पेडणेकर होता, दोन्ही जोड्यांच्या चहाला पहिला हजर. आणि मानपाड्याचेच कुंदन पाटील होते. आगरी, फिल्टर प्रेसवर. ते दर खेपेला मला घरात घेत, पाट देत आणि शांतपणे सांगत, "मधू, मी तुला मत नाय देनार. पन चा पिऊन जा." दोन निवडणुका आम्ही जिंकलो, दोन्ही वेळा त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्हाला मत दिलं नाही. माझ्या यादीत पूर्ण भरवशाचं असं ते एकच नाव होतं.

पण दुसऱ्याचं सगळ्यात मोठं काम वेगळं. पहिल्याची चूक झाली की ती आपल्या अंगावर घ्यायची. अण्णांनी एकदा टँक फार्मवाल्यांना, म्हणजे उघड्यावरच्या मोठ्या टाक्यांवर काम करणाऱ्यांना, जाहीर सभेत रेनकोट कबूल केले. टँक फार्मवाले सगळे खदाखदा हसले, कारण नवेकोरे रेनकोट घालूनच उभे होते. मी पुढे होऊन म्हटलं, "अण्णांना जुनी यादी मी दिली. चूक माझी." खरं तर यादी नवी होती, अण्णांनी ओळ गाळली होती. पण पद्धत अशी की पहिल्याचे कपडे स्वच्छ राहिले पाहिजेत, डाग दुसऱ्याच्या कपड्यांवर. मला त्याचा अभिमानच वाटायचा. लोक म्हणायचे, दुसरा असावा तर घाडीसारखा.

आता तिसरी निवडणूक.

त्या वर्षी वाद कॅन्टीनचा होता. कॅन्टीनमध्ये दर बुधवारी मासे असत. ऑफिसातले बरेच लोक शाकाहारी. एकाच मोरीत भांडी घासतात, डाळीला वास येतो, ही त्यांची तक्रार. प्लांटवाल्यांचं म्हणणं, बुधवारचे पुरत नाहीत, शनिवारीही पाहिजेत. मी खिडकीत बसून दोन्ही ऐकत होतो आणि मला वाटलं, आपण फार हुशार आहोत. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. रविवारी दुपारी तीनला, पाळी बदलताना, प्लांटच्या गेटवर सभा. त्या चिठ्ठीत लिहिलं, बुधवारबरोबर शनिवारीही मासे. सोमवारी सकाळी ऑफिसच्या गेटवर. त्या चिठ्ठीत लिहिलं, शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं करू, आणि ते होईपर्यंत कॅन्टीनमध्ये मासे बंद.

हे दोन्ही एकदम कसं करणार होतो? मी मनाची समजूत घातली होती की आधी स्वयंपाकघर, मग शनिवार, थोडं मागेपुढे. अण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते दोन गेटांवर दोन गोष्टी बोलायला कधीच तयार झाले नसते. म्हणूनच सांगितलं नव्हतं.

प्लांटची चिठ्ठी शर्टाच्या डाव्या खिशात, ऑफिसची उजव्या. माझे शर्ट दोन खिशांचे असत, ते याच कामासाठी शिवून घेतलेले.

रविवारी सकाळी मोहन्याला शांताराम परबांच्या खोलीवर जेवायला गेलो. शांताराम आमच्याच गावाकडचा, अकरा मतं त्याच्या शब्दावर. वाढता वाढता त्याच्या हातून सोलकढीचं पातेलं कलंडलं ते माझ्या छातीवर. खोलीभर हशा. शांतारामनं स्वतःचा धुतलेला शर्ट काढून दिला. "घाल हो, नवो आसा. जगदाळ्यांचो दुसरो असो गुलाबी हिंडताना बरो दिसत नाय." मी चिठ्ठ्या ओल्या व्हायच्या आत काढल्या आणि शर्ट बदलला. त्याच्या शर्टाला खिसा एकच होता.

तिथून रिक्षानं कल्याण, कल्याणहून दुसऱ्या रिक्षानं मानपाडा. पोचलो तेव्हा तीनला पाच कमी. अण्णा स्टुलावर चढून उभेच होते. समोर चारशे माणूस, सुटणारी पाळी आणि येणारी पाळी दोन्ही. अण्णांनी खाली न बघता हात पुढे केला. मी खिशात हात घातला आणि हाताला लागली ती चिठ्ठी दिली.

पहिल्या दोन ओळी बोनसच्या आणि बदल्यांच्या होत्या, त्या दोन्ही चिठ्ठ्यांत सारख्याच. टाळ्या पडल्या. तिसऱ्या ओळीला अण्णा अर्धा क्षण थांबले. मग त्या बॉयलरच्या आवाजात वाचलं, "शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं करू, आणि ते होईपर्यंत कॅन्टीनमध्ये मासे बंद."

मग मागून कुंदन पाटलांचा आवाज आला, "मधू, तुजा मानूस येडा झाला काय रं?" त्या वर्षी पहिल्यांदाच ते मला म्हणाले होते की शनिवारच्या माशांसाठी मत देईन. आणि मग हसू, शिट्ट्या, आरडाओरडा. अण्णांनी चिठ्ठी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि स्टुलावरून उतरले.

एकोणीस मतांनी पडलो. शांतारामच्या खोलीतली अकराही गेली. ऑफिसवाल्यांचीही फारशी मिळाली नाहीत, कारण प्लांटवाल्यांनी इतका गोंधळ केला की सोमवारची सभा झालीच नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गटाची बैठक झाली. वीस-बावीस जण होते. एकानं सरळ विचारलं, "ती चिठ्ठी कुणी लिहिली?"

हा माझा क्षण होता. दुसऱ्यानं पुढे होऊन म्हणायचं असतं, चूक माझी. आणि इथे तर ती खरोखरच माझी होती. खोटं बोलायचीही गरज नव्हती. रेनकोटाच्या वेळी न केलेली चूक मी ऐटीत अंगावर घेतली होती. केलेली मात्र घेता येईना. समोर चहाचा ग्लास होता. मी त्यात बघत राहिलो.

अण्णा म्हणाले, "चिठ्ठी माझी. चुकलं."

विषय संपला. म्हणजे माझा संपला, त्यांचा सुरू झाला. त्यांचं नाव पडलं मासेबंद. मासेबंद जगदाळे. कॅन्टीनमध्ये ते रांगेत उभे राहिले की कुणीतरी ओरडायचं, "झाका रे ताटं." कल्याणच्या मासळी बाजारात आमचे लोक भेटले की मासेवालीला सांगायचे, "मावशी, यांना नको देऊ." त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत व्याही म्हणाले, "मासेबंद जगदाळे म्हणतात ते आपणच का?" सगळे हसले, अण्णाही हसले. मी त्या बैठकीला होतो. मीही हसलो.

पुढच्या निवडणुकीला त्यांचं नाव चालणार नव्हतं. गटानं मला पहिला केलं. घाटावरचा दुसरा हवा होता, कुणी तयार होईना. अण्णा म्हणाले, "मी राहतो मधूचा दुसरा." आणि राहिले. माझ्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. नावं त्यांना आठवत नसत, म्हणून नुसतेच उभे राहिले. पोटाचा त्रास असून खोल्याखोल्यांवर जेवले. आम्ही जिंकलो. वेगळं शाकाहारी स्वयंपाकघर झालं, शनिवारचे मासेही सुरू झाले. म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या झाल्या. पहिल्या शनिवारी कुणीतरी ओरडलं, "पहिलं ताट मासेबंदला." अण्णांनी ते घेतलं, काटे वेचत निवांत खाल्लं. अध्यक्ष म्हणून मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा बोललो असतो तर एका वाक्यात काम झालं असतं. मी मिठाची वाटी पुढे केली.

युनियनच्या कार्यालयात माझा फोटो होता. आता कारखाना नाही, पण आमच्या निवृत्त कामगार संघाच्या खोलीत तो तसाच लावलाय. संघाची निवडणूक दिवाळीनंतर आहे, जुन्या पद्धतीनं, जोडीनं. गेल्या महिन्यात कळलं, अण्णा अध्यक्षपदाला उभे राहतायत. ब्याऐंशीव्या वर्षी. निवृत्तांच्या औषधांच्या बिलांचं काम कुणी नीट करत नाही, म्हणून. ही बातमी ज्यानं दिली तो हसत म्हणाला, "मासेबंद परत आले."

त्या दिवशी मी रिक्षा करून कल्याणला त्यांच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. "या भावजी. जेवूनच जा, आज बुधवार आहे. आमच्यात बंद नाहीत बरं का."

अण्णा खिडकीशी बसले होते. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर चहा आला असता. सगळं सांगितलं. दोन गेटं, दोन चिठ्ठ्या, सोलकढी, एक खिसा. शेवटी म्हणालो, "अण्णा, त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं."

ते म्हणाले, "एक खिशाचा शर्ट होय? मला इतकी वर्षं तेवढंच कळत नव्हतं."

"म्हणजे बाकीचं माहीत होतं?"

"माझ्या खिशात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, मधू. मी बॉयलरवर होतो, आंधळा नव्हतो."

"मग वाचताना थांबला का नाहीत? तिसऱ्या ओळीला तुम्ही अडखळलात, मी बघितलं."

"खटकलं मला. पण म्हटलं, मधूनं लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार असेल. तू कोकणातला. माशांबद्दल तुला मी काय शिकवणार?"

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. मला हसताही येईना.

अण्णा म्हणाले, "नावाचं मला एवढं काही नाही. लोकांना हसायला काहीतरी लागतं. पण त्या दिवशी तू चहात बघत होतास ना, एकदा वर बघायला पाहिजे होतंस. मी बोलतोय म्हटल्यावर तरी."

वहिनींनी ताटं वाढली. सुरमई होती. साताऱ्याच्या माणसानं ती माझ्यापेक्षा सफाईनं खाल्ली. जेवताना मी म्हणालो, "मी हे लिहिणार आहे. दिवाळी अंकात मागितलंय."

"लिही."

"दुसरा कोण घेताय यंदा?"

"पेडणेकर येऊन गेला. म्हणाला, मी राहतो."

"तो समोरच्यांकडेही जाऊन आला असेल."

"आला असेलच," अण्णा म्हणाले. मग काटा बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुझं आधी छापून येऊ दे. लोकांना वाचू दे. त्यानंतरही कुणी तुला मत देणार असेल, तर तू. पण चिठ्ठी एकच."

परवा कुंदन पाटलांना फोन केला. ते मानपाड्यालाच आहेत, कानाला यंत्र लावलंय. लेख छापायच्या आधी त्यांना सगळं सांगावं असं वाटलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "मंजे येडा तू होतास." मी हो म्हणालो. "मग यंदा उभा र्‍हायलास तर तुला मत नाय देनार." आणि वर म्हणाले, "जगदाळ्याला देईन."

जोडीला शिक्का एकच असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याइतकंच माहीत आहे.

या अंकाच्या प्रती संघाच्या खोलीत ठेवल्या जातील. ऑफिसातले आमचे लोक आता बहुतेक डोंबिवली पश्चिमेला राहतात, प्लांटवाले मानपाडा, मोहने, कल्याण असे पसरलेत. ही माझी चिठ्ठी आहे. या खेपेला एकच लिहिली आहे आणि सही करून खिशाबाहेर काढली आहे. दोन्ही गेटांवर हीच वाचावी.

मधुकर घाडी